केस क्रमांक सतरा

विश्रामबाग, सांगली
९ डिसेंबर २०२४

चि. अंकिता,

चि. लिहू की सौ. लिहू, यातच दोन कागद फाडले. मग म्हटलं, अकरा वर्षांनी पत्र लिहितेय, मायना चुकला काय नि बरोबर आला काय, तू बहुतेक पाकीट फोडणारच नाहीस. फोनवर तू मला ब्लॉक केलंस. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही. पठाणकोटचा पत्ता तुझ्या आईंकडून घेतला. त्यांच्यावर चिडू नकोस, निरोप समारंभाची पत्रिका पाठवायची आहे असं मी त्यांना सांगितलं होतं.

समारंभ होणार आहे, तेवढं खरं. मे महिन्यात साठ पूर्ण करून मी सुटते, आणि माझ्याबरोबर विभागही सुटतो. नव्या धोरणात आपल्या कॉलेजनं मानवशास्त्र मुख्य विषयातून काढलं. आता ते दोन क्रेडिटचं ऐच्छिक आहे, ताटातल्या पापडासारखं, वाढलं तर वाढलं. शेवटच्या वर्षाला तिघं आहेत. एकीचं लग्न झालं, एक पोलीस भरतीची तयारी करतो आणि ग्राउंडवर चिखल असेल तरच वर्गात येतो. तिसरी कधी आलीच नाही, तिचा फक्त फॉर्म आला. माझा कार्यभार भरावा म्हणून मला पर्यावरण, संविधान आणि जीवनकौशल्ये दिली आहेत. जीवनकौशल्ये मी शिकवते, ऐकलंस का.

ऐच्छिकवाल्या साठ जणांना मागच्या महिन्यात आपापल्या घराची वंशावळ काढून आणायला सांगितली. सगळ्यांनी मोबाईलला विचारून आणली. चौघांची आजी एकच निघाली. तेच नाव, तेच गाव, मरण्याचं वर्षही तेच, आणि ते चौघं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. मी वर्गात इतकी चिडले की खडू फेकला. 'अरे, घरात जिवंत माणसं आहेत, त्यांना विचारायला काय झालं?' असं ओरडले. मग तास तिथंच सोडून दिला. आता कारण सांगते.

त्याच दिवशी, वर्गाच्या आधी, एक मुलगी विभागात येऊन गेली होती. नाव सबीना, म्हसवडची, साताऱ्याला वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं माझ्यासमोर एक झेरॉक्स ठेवली. माझ्याच पुस्तकाचं पान एकशे बारा. केस क्रमांक सतरा, म्हणजे तुमचं घर. तुझ्या वडिलांच्या त्रिकोणाशेजारी त्यांच्या बहिणीचं वर्तुळ, आणि त्यावर तिरकी रेघ. सबीनानं विचारलं, 'मॅडम, या रेघेचा अर्थ काय होतो?' मी आपली शिकवायच्या सवयीनं बोलून गेले: पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, माणूस मेलेलं असेल तर रेघ.

ती म्हणाली, "ही माझी नानी. आज सकाळी तिनंच मला डबा करून दिलाय."

तुझ्या भावानं, जयराजनं, तुझ्या आज्याच्या नावावरची धरणाच्या पुनर्वसनाची जमीन वारसांच्या नावे लावायला अर्ज केला. त्यात तुझी आत्या, बनुबाई, मयत दाखवली. मृत्यूचा दाखला कुठून आणणार? म्हणून हे पान जोडलं. बावीस जानेवारीला तालुक्याच्या कचेरीत सुनावणी आहे. मी तिथं येऊन रेघ चुकीची आहे एवढं सांगावं, असं सबीनाचं म्हणणं आहे. एवढीशी रेघ. चूक कुणाच्या हातून होत नाही?

माझी एक लहानशी विनंती आहे. तुमच्या घरी मी माहिती घेतली त्या दिवशी तूही माझ्याबरोबर होतीस. 'मॅडमच्या ऐकण्यात चूक झाली' अशा दोन ओळी लिहून, सही करून पाठव. मला बरं पडेल.

तुझी,
संयोगिता मॅडम


विश्रामबाग
१९ डिसेंबर २०२४

चि. अंकिता,

उत्तर नाही. नसू दे. मी दुसरं पत्र लिहितेय कारण पहिल्यात मी गोष्ट अर्धीच सांगितली, आणि उरलेली तुला कुणीच सांगितली नसणार.

फेब्रुवारीत तुझे वडील वारले तेव्हा तू आलीस, आणि सावडणं करून तिसऱ्या दिवशी परत गेलीस. दिल्या घरच्या लेकीला तीनच दिवसांचं सुतक, ते तू पाळलंस. माझं सगळं पुस्तक त्याच तीन आणि दहा दिवसांवर उभं आहे, म्हणून मला ते चटकन कळलं. पण दहाव्याला काय झालं हे तुला ठाऊक नाही. मलाही परवा कळलं, सबीना परत आली तेव्हा.

दहाव्याला तुझी आत्या नदीवर आली होती. सत्तरीची बाई, सबीनाला बरोबर घेऊन, म्हसवडहून दोन एसट्या बदलून. कुणाशी भांडायला नाही. भावासाठी काठावर बसून एक बुडी मारायची आणि परत जायचं, एवढंच. लोकांत कुजबुज सुरू झाली. जयराज उठला. तो घरी गेला आणि पुस्तक घेऊन आला. मी तुझ्या वडिलांना सही करून दिलेली प्रत गं ती. पान उघडून त्यानं आत्यापुढं धरलं आणि म्हणाला, "ह्यात तुमी म्येलेल्या हायसा. इद्यापीठाचं पुस्तक हाय हे. म्येलेल्या माणसाला कसलं सुतक?"

बनुबाईंना वाचता येत नाही. त्यांनी सबीनाला विचारलं, खरंच तसं लिहिलंय का? सबीना हो म्हणाली. मग त्या पाण्यात न उतरताच परत गेल्या. मला हे ऐकवलं तेव्हा सबीनाचा आवाज अजिबात चढला नव्हता. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

आता माझी बाजूही ऐक. माझी चूक कशी झाली हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? तुमच्या पडवीत बसून मी तुझ्या वडिलांना बहिणीबद्दल विचारलं. ते म्हणाले, "तिच्या नावानं आमी कवाच आंघूळ केली, बाई." हे भाजी विकणाऱ्या बाईनं ऐकलं असतं तरी तिला कळलं असतं की घरानं पोरीचं नाव टाकलंय. मराठी बोलणाऱ्या कुणालाही कळलं असतं. मला नाही कळलं, कारण मी दोन वर्षं सुतकावर काम करत होते, आणि आंघोळ हा शब्द आला की माझ्या कानाला दुसरं काही ऐकूच यायचं नाही. मी विचारलं, कुठं केली, नदीवर की घरी? ते म्हणाले, घरीच, परसात. किती जणांनी? समद्यांनी. गरम पाण्यानं की थंड? आधी कुणी? मी विचारत गेले, ते सांगत गेले. आणि सांगितलं ते खोटंही नव्हतं. पोरगी बाजारात कुलपं-छत्र्या दुरुस्त करणाऱ्या मोहिद्दीनबरोबर निघून गेली त्या दिवशी तुझ्या आज्यानं घरातल्या झाडून सगळ्यांना परसात बसवून खरोखरच आंघोळी घातल्या होत्या. जितीच्या नावानं. त्या आंघोळीवर मी चार पानं लिहिली.

प्राचार्यांना सांगणं भाग होतं. लालासाहेब तुला आठवत असतील, आपल्या वेळी कॉमर्सला होते. माणूस वाईट नाही. चहा मागवला, दार लावून घेतलं आणि म्हणाले, मॅडम, सत्तावीस जानेवारीला नॅकची कमिटी कॉलेज तपासायला येतेय, तुमच्या विभागाकडं दाखवायला ते एकच पुस्तक आहे, काचेच्या कपाटात ठेवलंय. मी म्हटलं, मग काय करू? ते म्हणाले, छपाईची चूक म्हणा ना. प्रेसवाला कधीच प्रेस विकून गेलाय, तो काही हरकत घ्यायला येत नाही. दोन ओळींचं शुद्धिपत्रक काढा, तिथं जाऊन दाखवा, म्हातारीचंही काम होईल, तुमच्या निवृत्तीच्या फाईललाही कुणी हात लावणार नाही.

किती सोपं, बघ. मी त्यांना हो म्हणून आले. तुझ्या दोन ओळींची वाट बघते.

संयोगिता मॅडम


सातारा
२९ डिसेंबर २०२४

अंकिता,

नाताळच्या सुट्टीत भावाकडं आले आहे. फिल्डवर्कच्या जुन्या वह्या इथं माळ्यावर एका पेटीत होत्या. मी माळ्यावर चढले तर भाऊ खालून ओरडतोय, या वयात हाड मोडून घेशील. हाडांबद्दल मला सांगतो. आयुष्यभर प्लास्टिकची कवटी हातात घेऊन पोरांना हाडंच शिकवली की मी.

वही सापडली. जून दोन हजार अकरा. वंशावळीचं पान तू काढलेलं, माझ्यापेक्षा तुझे त्रिकोण सुबक यायचे. रेघ माझी. आणि खाली तुझ्या अक्षरात, हिरव्या शाईत: 'आत्या जिवंत आहे. म्हसवडला असते. आईनं सांगितलं. मॅडमना सांगितलं, ४ जून.'

मी ती ओळ उभ्या उभ्या किती वेळा वाचली कुणास ठाऊक. तू हे लिहून ठेवलंयस हे मला माहीत नव्हतं. सांगितलंस ते मात्र माहीत होतं. कऱ्हाडच्या स्टँडवर, उसाचा रस पिताना. मी ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले होते, 'बरं झालं सांगितलंस, बघू या.' पुस्तक आलं दोन हजार तेराच्या जानेवारीत. मधे दीड वर्ष गेलं. म्हणजे ऐकण्यातली चूक चार जूनपर्यंत होती. त्यानंतर ती चूक नव्हती.

खाली उतरले तेव्हा वहिनी बंब पेटवत होत्या. पेटी बघून म्हणाल्या, रद्दी असेल तर द्या इकडं, लाकडं ओली आहेत, पेटायला कागद लागेल. मी वही हातात धरून उभी राहिले. खोटं कशाला सांगू, वहिनींनी आणखी एकदा विचारलं असतं तर मी दिली असती. त्या दूध बघायला आत गेल्या. मी वही पर्समध्ये टाकली आणि वरून चेन लावली.

तुझ्याकडं मागितलेल्या दोन ओळी मला नकोत. मी तुला खोटी साक्ष द्यायला सांगत होते, आणि तेही 'लहानशी विनंती' म्हणून. या वयातसुद्धा माझी जीभ कशी वळते बघ.

पण प्रेसची घाई होती हे खरं आहे. छपाईचे फर्मे तयार झाले होते, विद्यापीठाची तारीख जवळ आली होती. त्या वेळी एक पान बदलायचं म्हणजे काय व्याप होता, तो आताच्या पोरांना कळणार नाही. तुला कळेल.

संयोगिता


विश्रामबाग
१३ जानेवारी २०२५

अंकिता,

आज भोगी. शेजारच्यांनी भाजी-भाकरी आणून दिली, ती झाकून ठेवली आहे. खाववत नाही.

प्रेसची घाई हे कारण खोटं आहे. मागच्या पत्रात ते लिहिलं, सांगलीला आल्यावर पाकीट पेटीत टाकलं आणि घरी येताना विलिंग्डन कॉलेजच्या रस्त्यावर मधेच थांबले. दीड वर्षात काय फर्मे तयार होतात? बारा वर्षं मी हे कारण स्वतःला सांगत आले, इतकं घोटलं की मलाच खरं वाटायला लागलं होतं.

खरं कारण चौथं प्रकरण. लांब दिलेली लेक वारली की माहेर काय करतं, यावर ते प्रकरण होतं. चाळीस घरांत मला भरघोस सापडलं ते एकाच घरात, तुमच्या. बाकीचे म्हणायचे, डोक्यावरून पाणी घेतलं, झालं. तुझ्या वडिलांनी एकेक गोष्ट क्रमानं सांगितली. त्या चार पानांवर प्रकरण उभं, प्रकरणावर पुस्तक, आणि पुस्तकावर माझं प्रोफेसरपद. बनुबाई जिवंत निघाल्या असत्या तर प्रकरण आडवं झालं असतं. म्हणून त्यांना मी मेलेलंच राहू दिलं. हे मी आजवर मोठ्यानं कुणाला बोलले नाही. कागदावरही आज पहिल्यांदाच उतरतंय.

आणि गंमत अशी की खरी गोष्ट लिहिली असती तर पुस्तक जास्त चांगलं झालं असतं. घर जित्या पोरीचं सुतक पाळतं, पुढं चाळीस वर्षं तिचं नाव घेत नाही, यापेक्षा मोठं काय सापडणार होतं मला? पण त्यासाठी परत तुमच्या पडवीत येऊन बसावं लागलं असतं. तुझ्या वडिलांना, 'अण्णा, मला नीट कळलं नाही, पुन्हा सांगा' म्हणावं लागलं असतं. एवढं म्हणायची लाज वाटली मला. डॉक्टरेट होती ना.

पुस्तक आलं त्या आठवड्यात तू विभागात आलीस. पान उघडून टेबलावर ठेवलंस आणि म्हणालीस, "मॅडम, तुम्ही माझ्या बापाच्या तोंडून माझ्या आत्याला मारलंत." मी काय म्हणाले तेही लिहिते, नाहीतर हेही विसरल्यासारखं करेन. मी म्हणाले, 'अंकिता, शास्त्रात भावना आणायच्या नसतात.' तू पीएच.डी. सोडलीस. लग्न ठरलं म्हणून सोडली, असं मी स्टाफरूममध्ये सांगितलं. पुढं तुझं लग्न फौजीशी झालं तेव्हा मला हायसं वाटलं, माझं बोलणं खरं ठरलं म्हणून.

लालासाहेबांना आज वही दाखवली. त्यांनी ती हिरवी ओळ वाचली, वही मिटली आणि माझ्याकडं सरकवली. मग म्हणाले, ही वही न्यायची गरज आहे का? नुसतं चूक झाली म्हणालात तरी म्हातारीचं काम होतंय. वही दाखवलीत तर माहीत असून छापलं असं होतं. मग विद्यापीठ चौकशी लावणार, पुस्तक मागं घेणार, आणि विभाग बंद झाला तो याच कारणानं असं लोक म्हणणार.

मी म्हटलं, सर, विभाग याच कारणानं बंद व्हायला हवा होता, तुम्ही उगीच धोरणावर ढकललं. ते हसले नाहीत. मीही हसायच्या बेतात नव्हते.

मी वही नेणार आहे. मला धीर आलाय म्हणून नाही. त्या बाईला नदीवर काय म्हटलं गेलं ते ऐकल्यापासून मला फार थकायला होतं, आणि खोटं सांभाळायला जी ताकद लागते ती आता अंगात नाही. उद्या संक्रांत. तुला गोड बोल म्हणायचा हक्क मला नाही.

संयोगिता


विश्रामबाग
२३ जानेवारी २०२५

अंकिता,

काल सुनावणी झाली. सगळं सांगते, पण या पत्राचं काम शेवटी आहे, तिथपर्यंत ये.

अकराची वेळ होती, पुकारा झाला पाऊणला. साहेब तरुण होते. त्यांनी आधी बनुबाईंना उभं केलं. लग्नानंतर कागदावर त्यांचं नाव मेहरुनबी आहे, तर तुम्ही बनुबाई कशावरून, असं विचारलं. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि सांगायला सुरुवात केली. आईचं नाव, आजीचं नाव, पणजीचं नाव, कोणती चुलती कोणत्या गावची, कोणतं पोर पाळण्यातच गेलं. धरणाखाली गेलेल्या शेतांची नावंसुद्धा, लहानपणी ऐकलेली. साहेब पुढ्यातल्या पान एकशे बारावर एकेका नावापुढं पेन्सिलीनं खूण करत गेले. एक नाव चुकलं नाही. माझी बाकी सगळी वंशावळ अगदी अचूक निघाली, बघ.

मग मला बोलावलं. मी वही पुढं केली. तुझी ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. माझं नाव, हुद्दा आणि हे सगळं मला चार जून दोन हजार अकराला माहीत होतं, असं सांगितलं. जयराजच्या वकिलांनी विचारलं, माहीत होतं तर छापलं का? मी म्हटलं, माझं प्रकरण पडू नये म्हणून. कचेरीतल्या कारकुनाला ते काही कळलं नाही. त्यानं 'प्रकरण' म्हणजे दावा असं समजून लिहिलं, मग मी दुरुस्त करून घेतलं.

जयराज माझी सही असलेली ती प्रत छातीशी धरून कोपऱ्यात उभा होता. मला वाटलं होतं, तो ओरडेल. तो हळूच म्हणाला, "अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला ह्ये पुस्तक दावायचं. आमच्या घराचं नाव छापलंय म्हणायचं. आता तुमी म्हंता खोटं हाय. मग मॅडम, तुमी खरं कवा बोलत हुतासा?"

साहेबांनी मला याचं उत्तर द्यायला लावलं नाही. पुस्तकाचं पान पुराव्यातून काढलं, नोंद थांबवली, पुढची तारीख दिली. सबीना म्हणाली, आता निकाल आपल्या बाजूनं लागायला हरकत नाही. कॉलेजात आज सकाळी मला चौकशी समितीचं पत्र मिळालं. काचेचं कपाट रिकामं आहे. लालासाहेबांनी त्यात प्लास्टिकची कवटी ठेवली आहे.

आता मुख्य ते. कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली बाकावर बनुबाई बसल्या होत्या. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी हात धरून शेजारी बसवलं. मी माफी मागणार होते, वाक्यं ठरवून आणली होती. त्यांनी ती बोलूच दिली नाहीत. म्हणाल्या, "आवं बाई, ते मागनं बोला. त्यात माझं काय लिवलंय ते पयलं वाचून दावा."

अंकिता, मी तीस वर्षं लोकांच्या पडव्यांत बसले. त्यांचा चहा प्यायले, त्यांची मरणं लिहून घेतली. लिहिलेलं वाचून दाखवा, असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

मी चारही पानं वाचली. पुस्तकी शब्द आले तिथं सोपे करून सांगितले. परसात चूल मांडली, हंडा चढवला. आधी आज्यानं आंघोळ केली, मग थोरल्या चुलत्यानं, मग तुझ्या वडिलांनी. बायकांनी शेवटी. कपडे घरात न नेता तिथंच वाळत टाकले. त्या दिवशी घरात कढण नाही, फोडणी नाही. बनुबाई मान हलवत होत्या. मधे एकदा म्हणाल्या, 'हंडा मोठा, जोंधळं शिजवायचा, त्योच आसंल.' आईनं आंघोळ केली का, हे त्यांनी दोनदा विचारलं. केली, असं लिहिलं होतं, तसंच सांगितलं. सबीना उठून पलीकडं गेली, तिला ऐकवेना.

पानं संपली. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर शिव्या देतील. मी दोन्हीची तयारी ठेवली होती. त्या म्हणाल्या, "हे दादानं सांगितलं न्हवं तुमाला? त्याच्याच तोंडानं?"

मी म्हटलं, हो.

"सांगताना त्यो रडला का वं?"

मी पुस्तकात पाहिलं, जसं काही तिथं असणार होतं. मग वही उघडली. वहीत सगळं आहे. पाण्याचे किती हंडे, तोंडं कुठल्या दिशेला, चुलीत कुठलं लाकूड. ते मात्र नाही. मी आठवून आठवून पाहिलं. तुझ्या वडिलांचा आवाज आठवतो, शब्द आठवतात, तोंड आठवत नाही. मी खाली मान घालून लिहीत होते.

हो म्हणणं सोपं होतं. ती बाई हो ऐकायलाच आली होती, जमीन गेली चुलीत. शब्द ओठावर आला होता. पण तिच्याबद्दल मी एकदा मला हवं ते लिहून बसले आहे. म्हणून म्हटलं, 'मला माहीत नाही, आई. मी बघितलं नाही.'

पुस्तकातलं ते पान त्यांनी हातानं सारखं केलं आणि मला परत दिलं. मग एसटी आली आणि त्या गेल्या.

तू त्या दिवशी पडवीत दाराच्या चौकटीला टेकून उभी होतीस. तुझ्या हातात वही नव्हती, माझ्याच हातात होती. तू बापाकडं बघत असणार. तुला माहीत आहे.

मला सांगू नकोस. या पत्राला उत्तरही नको, तू आहेस तिथं सुखी राहा. पण म्हसवडला फोन कर. नंबर सबीनाचा आहे, या कागदाच्या मागं लिहिलाय. शनिवारी-रविवारी ती घरी असते, तेव्हा लाव, म्हणजे ती फोन नानीच्या हातात देईल. अण्णा रडले असतील तर तसं सांग. नसतील रडले, तर तेही सांग, त्यांना चालेल, खोटं मात्र नको. कानाला जरा कमी ऐकू येतं, मोठ्यानं बोलावं लागतं. मेहरुनबी म्हटलं तरी त्या ओ देतात, पण तू आत्या म्हण.

संयोगिता